घड्याळात बीपी बघताय? मग आधी हे सगळं ह्याच क्रमाने करा

आमच्या मजल्यावर एक काका आहेत, वय ६६. मुलाने वाढदिवसाला स्मार्टवॉच दिलं, त्यात बीपी दिसतं. सेटिंग करताना अ‍ॅपने विचारलं की दंडाच्या मशीनवर किती आलं ते टाका, घरात मशीन नव्हतं, मग काकांनी सरळ १२०/८० टाकलं. का तर "नॉर्मल तेवढंच असतं ना". पुढचे तीन आठवडे घड्याळ त्यांना १२२/७९, ११९/८१ असं गोड गोड सांगत राहिलं आणि काका रोज फॅमिली ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकत राहिले. मी एक दिवस माझं मशीन नेऊन लावलं तर १५८/९४. पाच मिनिटांनी परत लावलं तर १५४/९२.

घड्याळ बिघडलं नव्हतं. काकांनीच त्याला जे शिकवलं तेच ते परत बोलून दाखवत होतं. मी हॉस्पिटलमधल्या यंत्रांच्या तपासणीचं काम करतो, डॉक्टर नाही, पण ही एकच चूक इतक्या घरांत बघितलीय की शेवटी म्हटलं एकदा सगळं क्रमाने लिहून टाकू.

एवढं एक डोक्यात ठेवून पुढे वाचा. दंडाचं मशीन हवेने शीर दाबतं, सोडतं आणि दाब प्रत्यक्ष मोजतं. घड्याळ काहीच दाबत नाही. ते कातडीवर हिरवा लाइट मारतं आणि प्रत्येक ठोक्याला रक्ताची जी लाट येते तिचा आकार आणि वेळ बघतं. कपडे वाळत घालायची दोरी घट्ट ताणलेली असेल तर एका टोकाला दिलेला झटका दुसरीकडे पटकन पोचतो, ढिली असेल तर रेंगाळतो, तसंच रक्तवाहिनीचं आहे, दाब वाढला की भिंत ताणली जाते आणि लाट जोरात पळते. पण ती किती जोरात पळाली म्हणजे तुमच्या अंगात १३० आणि किती जोरात म्हणजे १५०, हे घड्याळाला आपोआप कळत नाही, ते त्याला कफच्या मशीनवरून एकदा सांगावं लागतं. त्यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. (ह्या लेखात कफ म्हणजे दंडाला गुंडाळायचा तो, खोकल्यातला नव्हे.)

## पायरी १: हातात नक्की काय आहे ते ओळखा

सगळी बीपीवाली घड्याळं एक नसतात, आणि इथेच अर्धे लोक चुकतात.

पहिला प्रकार, ज्याच्या पट्ट्यातच छोटी हवेची पिशवी असते आणि मोजताना मनगट आवळलं जातं, उदाहरणार्थ ह्युवावे वॉच डी किंवा ओमरॉनचं हार्टगाइड. हा मनगटावरचा कफच आहे, त्याला पुढचं कॅलिब्रेशन लागू नाही. मनगट छातीच्या उंचीला धरून मोजायचं, बस.

दुसरा, जो हिरव्या लाइटवर चालतो आणि आधी कफच्या मशीनशी जुळवून घ्या म्हणतो. सॅमसंगची गॅलॅक्सी वॉच ह्यात येतात, त्यांना दर २८ दिवसांनी परत कॅलिब्रेशन लागतं. हा लेख मुख्यतः ह्या प्रकारासाठी आहे.

तिसरा प्रकार आकडा देतच नाही. अ‍ॅपलने २०२५ मध्ये आणलेली सोय अशी आहे, ती ३० दिवसांचा डेटा बघून फक्त "हाय बीपीची लक्षणं दिसतायत, तपासून घ्या" असं सांगते. त्यात १३०/८५ शोधत बसू नका, आणि सूचना आली नाही म्हणजे बीपी नाही असंही समजू नका.

चौथा प्रकार म्हणजे हजार-दोन हजारात मिळणारी घड्याळं, जी कॅलिब्रेशन मागतच नाहीत, बटण दाबलं की ३० सेकंदात आकडा. ह्यांच्यासाठी माझी एक टेस्ट आहे. टॉवेलची घट्ट गुंडाळी करा, नाहीतर एक जाडशी काकडी घ्या, तिला घड्याळ बांधा आणि बीपी मोजा. काकडीचं बीपी ११८/७६ आलं तर तुम्हाला काय ते समजलं. टेस्टमध्ये काही आलं नाही म्हणजे घड्याळ चांगलं असं मात्र नाही, एवढंच की ते अगदीच थापा मारत नाहीये.

सावधान: मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणारी अ‍ॅप्स ह्यात धरूच नका. अशाच एका लोकप्रिय अ‍ॅपची तपासणी २०१६ मध्ये जामा इंटर्नल मेडिसिन ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती, ज्यांचं बीपी खरोखर वाढलेलं होतं त्यांच्यातल्या तीन-चतुर्थांशहून जास्त लोकांना ते अ‍ॅप "ठीक आहे" म्हणत होतं.

आणि मुलं परदेशातून घड्याळ पाठवतात त्यांच्यासाठी: बीपीची सोय देशागणिक चालू-बंद असते. इथे ती दिसत नसेल तर कुठल्यातरी लिंकवरून "मॉड" केलेलं (म्हणजे कंपनीने नव्हे, तिसऱ्याच कोणीतरी बदललेलं) अ‍ॅप टाकून ती चालू करू नका.

## पायरी २: कोणी ह्याच्या नादी लागूच नये

ठोके अनियमित पडतात असं निदान झालेलं असेल, गरोदर असाल, हार्ट अटॅक किंवा हार्ट फेल्युअर होऊन गेलं असेल, हातापायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असेल, हात थरथरत असेल, तर लाटेचा आकारच वेगळा येतो किंवा सिग्नल हलतो आणि सगळा अंदाज कोसळतो. डायलिसिसवाल्यांनी तर फिस्टुला (डायलिसिसच्या सुईसाठी ऑपरेशनने जोडलेली शीर) असलेल्या हाताला घड्याळही नको आणि कफही नको. घड्याळाच्या माहितीपत्रकात ही यादी असते, बारीक अक्षरात, आणि ती कोणीच वाचत नाही. ह्यातलं काही तुम्हाला लागू असेल तर दंडाचं मशीन घ्या, इथेच थांबा.

## पायरी ३: दंडाचं मशीन आणा (हो, आणावंच लागेल)

"पण कफ नको म्हणूनच तर घड्याळ घेतलं!" हे मला दर वेळी ऐकायला मिळतं. कळतं हो. पण चांगल्या मशीनशिवाय घड्याळ म्हणजे मुहूर्त न लावता लग्न लावण्यासारखं आहे, सगळं होतं पण कशाच्या आधारावर ते कोणी विचारायचं नाही.

मशीन दंडाचंच घ्या. मॉडेल तपासलेलं आहे का ते स्ट्राइड बीपी ह्या वेबसाइटवरच्या यादीत बघा, दुकानदाराच्या "बेस्ट आहे" वर जाऊ नका. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कफचं माप. शिंप्याच्या टेपने खांदा आणि कोपर ह्यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा. नेहमीचा कफ साधारण २२ ते ३२ सेंटीमीटरचा असतो, तुमचा दंड ३५ असेल आणि तोच ओढून ताणून बसवला तर आकडा उगाच जास्त येणार. मोठा कफ वेगळा मिळतो.

मग एकदा दोन्ही दंडांना मोजा. थोडा फरक सगळ्यांनाच असतो. वरच्या आकड्यात १० पेक्षा जास्त फरक दर वेळी येत असेल तर वहीत लिहा आणि डॉक्टरांना सांगा, आणि इथून पुढे कफ नेहमी जास्त येणाऱ्या हातालाच लावायचा. हे का, ते पाचव्या पायरीत कळेल.

## पायरी ४: मोजायच्या आधीचा अर्धा तास

चहा-कॉफी नाही. सिगरेट, तंबाखू, मिश्री काही नाही (मिश्री लोक मोजतच नाहीत, "ती तर दाताला लावते" म्हणतात, पण त्यात तंबाखूच असतो). व्यायाम नाही, जिना चढून आल्या आल्या नाही. लघवीला जाऊन या, भरलेल्या पोटाने आणि भरलेल्या मूत्राशयाने आकडा वेगळा येतो.

मग पाठ टेकेल अशा खुर्चीत बसा, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही, पाच मिनिटं गप्प. गप्प म्हणजे फोनसुद्धा नाही. सोफ्यात रुतून बसणं, दिवाणावर मांडी घालून बसणं, मागे मालिका चालू आणि सुनेशी वाद चालू, ह्या सगळ्यात कॅलिब्रेशन केलेलं मी पाहिलंय.

घड्याळ मनगटाच्या हाडाच्या वर एक-दोन बोटं, कोपराच्या बाजूला, घट्ट पण वळ उठणार नाही इतपत. बायकांसाठी खास: त्या हातातल्या बांगड्या काढा किंवा घड्याळ दुसऱ्या हातात घाला, बांगड्या घड्याळाला ढकलत राहतात आणि लाइट कातडीपासून उचलला जातो. हातावर गोंदण किंवा टॅटू असेल तर सेन्सर नेमका त्याच्यावर येऊ देऊ नका, शाई लाइट खाते. हात गार असतील तर चोळून गरम करा, थंडीत कातडीतलं रक्त आटतं आणि सिग्नलच मिळत नाही.

तपासा: घड्याळाची मागची काच पुसली का? घाम, तेल, पावडर. काही नाही, रुमालाने पुसा.

## पायरी ५: कॅलिब्रेशन

इथे घाई करू नका. महिनाभराचे सगळे आकडे ह्या पंधरा मिनिटांवर उभे असतात.

१. आधी कफ लावून एक रीडिंग घ्या आणि ते सोडून द्या, कुठेही टाकू नका. पहिलं रीडिंग बहुतेक वेळा जरा चढंच येतं, कफ आवळला की माणूस दचकतो.

२. एक-दोन मिनिटं थांबा.

३. आता अ‍ॅपमधलं कॅलिब्रेशन सुरू करा. कफ एका दंडाला, घड्याळ दुसऱ्या मनगटाला. एकाच हाताला दोन्ही लावलं तर कफ फुगला की खालचा रक्तपुरवठा बंद होतो आणि घड्याळाला लाटच दिसत नाही, मग ते एरर देतं आणि लोक म्हणतात घड्याळ खराब आहे. म्हणूनच मघाशी दोन्ही हात मोजायला सांगितलं, कारण इथे एका हाताचा आकडा दुसऱ्या हाताच्या लाटेला चिकटवला जातो. तुमच्या अ‍ॅपमध्ये काही वेगळं सांगितलं असेल तर अ‍ॅपचं ऐका.

४. दोन्ही हात टेबलावर, दंडाचा कफ छातीच्या उंचीला, घड्याळाचा हातही त्याच पातळीला, खाली उशी लागली तर घ्या. हात हृदयापासून १० सेंटीमीटर खाली गेला तर त्या ठिकाणचा दाब जवळपास ८ मिलिमीटरने (पाऱ्याच्या, बीपीचा आकडा ह्याच मापात असतो) बदलतो, मांडीवर हात ठेवून कॅलिब्रेशन केलं आणि नंतर टेबलावर हात ठेवून मोजलं तर हा फरक कायमचा आत शिरतो.

५. घड्याळ आणि मशीन एकदमच सुरू करा. एकट्याला जमत नाही, घरातल्या कोणालातरी मशीनचं बटण दाबायला बसवा. बोलायचं नाही, हलायचं नाही, "किती आलं?" असं वाकून बघायचं नाही.

६. मशीनवर आलेला आकडा जसाच्या तसा टाका. १३७ ला १३५ नाही, १४३ ला "१४० टाकू, तेवढंच" नाही.

७. साधारणपणे तीन वेळा करायला लावतात, दोन वेळांमध्ये किमान एक मिनिट जाऊ द्या. तिन्हींमध्ये वरचा आकडा १० पेक्षा जास्त इकडे तिकडे होत असेल तर ते कॅलिब्रेशन पुरं करू नका, दहा मिनिटं शांत बसा आणि पहिल्यापासून सुरू करा.

ह्या पायरीत होणाऱ्या चुका, मी पाहिलेल्या:

मागच्या आठवड्यात दवाखान्यात आलेला आकडा आज टाकणं. त्या वेळची लाट घड्याळाने बघितलेलीच नाही, मग जुळवणार कशाशी?

एकाने कॅलिब्रेशन करायचं आणि सगळ्या घराने घड्याळ घालून बघायचं. हे फार चालतं. अहो, यजमानांच्या रक्तवाहिन्यांवर जुळवलेलं घड्याळ तुमच्या हातात घातल्यावर ते तुम्हाला तुमचे यजमानच समजतं. एक घड्याळ, एक माणूस.

"चांगला" आकडा येईपर्यंत परत परत करत राहणं. सात वेळा मोजून सगळ्यात कमी आलेले तीन टाकणाऱ्या एक बाई मला माहितीयेत. फसवलं कोणाला?

## पायरी ६: घड्याळ खरंच बघतंय का, ते तपासा

ही पायरी जवळपास सगळे सोडतात. दुसऱ्या दिवशी घड्याळात १३२, मशीनमध्ये १३४, वा, एकदम परफेक्ट! पण काल तुम्ही त्याला १३३ शिकवलं होतं, आज तुमचं बीपी कालच्याइतकंच आहे, मग घड्याळाने काहीही न मोजता कालचाच आकडा थोडा हलवून दाखवला असता तरी तो जुळलाच असता. ह्यावरून काही सिद्ध होत नाही.

खरी परीक्षा म्हणजे बीपी जेव्हा वेगळं असतं तेव्हा घड्याळ त्याच्या मागे जातं का. म्हणून तीन-चार दिवस वेगवेगळ्या वेळी दोन्ही मोजा. सकाळी गोळी घ्यायच्या आधी, दुपारी जेवल्यावर तासाभराने, संध्याकाळी कामावरून आल्यावर. आधी घड्याळ, लगेच मशीन, आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा.

आता बघा. समजा मशीन सकाळी १४६ आणि दुपारी १२४ म्हणालं, आणि घड्याळ १३५ आणि १३२. मशीन २२ ने हललं, घड्याळ ३ ने. हे घड्याळ कॅलिब्रेशनच्या आकड्याला चिकटून बसलंय. सरासरी काढली तर दोन्ही छान जुळतील, आणि तिथेच माणूस फसतो. उलट घड्याळ १४२ आणि १२८ म्हणालं तर निदान दिशा तरी पकडतंय, त्याच्याकडून काहीतरी काम घेता येईल.

घड्याळ चिकटून बसतंय असं दिसलं तर पट्टा, जागा, हाताची उंची तपासून एकदा नव्याने कॅलिब्रेशन करा. तरी तेच, तर त्या घड्याळात पावलं मोजा.

युरोपातल्या हायपरटेन्शनच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत निदानासाठी किंवा उपचारासाठी कफशिवायची यंत्रं वापरू नका असं म्हटलंय, त्यामागे हीच शंका आहे, की ती बदल किती पकडतात आणि कॅलिब्रेशन किती परत ओकतात.

## पायरी ७: रोजचं मोजणं

कॅलिब्रेशनला जसे बसलात तसंच बसायचं, तोच हात, तीच उंची, तीच खुर्ची. चालताना, रिक्षात, मीटिंगमध्ये टेबलाखाली घेतलेलं रीडिंग पुसून टाका.

दिवसातून दोन वेळा पुरे. पंधरा पंधरा वेळा बघणारे लोक आहेत, एक जास्त आला की घाबरतात, घाबरले की अजून वाढतं, परत बघतात. संध्याकाळपर्यंत घरातल्या सगळ्यांचंच वाढलेलं असतं.

रात्रीच्या आकड्यांवर फार भरवसा ठेवू नका. झोपेत बीपी उतरतं, ते किती उतरतं हे डॉक्टरांना महत्त्वाचं असतं, आणि नेमकं तिथेच ही यंत्रं कमी पडतात. रात्रीचं बघायचं असेल तर डॉक्टर २४ तासांचं कफवालं मशीन लावायला सांगतात.

सावधान, हे घरातल्या सगळ्यांना वाचायला द्या: छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलताना जीभ अडखळणं, अचानक दिसेनासं होणं, ह्यातलं काहीही झालं तर घड्याळात काय आहे ते बघतही बसू नका, १०८ ला फोन करा. घड्याळात १२४/८० आहे म्हणून "बघू सकाळी" असं करू नका. लक्षणं काही नाहीत पण घड्याळात एकदम १८०/१२० च्या पुढे दिसलं, तर पाच मिनिटं शांत बसून कफने मोजा, कफवरही तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आणि गोळी घड्याळ बघून कमी-जास्त करायची नाही. "आठवडाभर १२० च येतंय, अर्धीच घेतो" ह्या वाक्यापुढे काय काय झालेलं आहे ते मी इथे लिहीत नाही.

## पायरी ८: परत कॅलिब्रेशन कधी

अ‍ॅपची तारीख आली की, हे तर आहेच. पण तारखेच्या आधीही लागतं:

- बीपीची गोळी बदलली किंवा डोस बदलला. गोळी रक्तवाहिनी सैल करते, म्हणजे दोरीच बदलली, जुना हिशोब कशाला लागू पडेल? नवी गोळी अंगी लागायला डॉक्टर जेवढे दिवस सांगतील तेवढे जाऊ द्या, तोवर फक्त कफ.
- घड्याळ दुसऱ्या हातात घालायला लागलात.
- फोन किंवा घड्याळ रिसेट केलं.
- मोठं आजारपण, ऑपरेशन, वजनात बराच फरक.
- कफ आणि घड्याळ ह्यांच्यात सलग तीन-चार दिवस १० च्या वर फरक.

दर वेळी दिवसाच्या त्याच सुमाराला करा. एका महिन्यात सकाळी गोळीच्या आधी आणि पुढच्या महिन्यात दुपारी गोळीनंतर केलं तर ग्राफमध्ये मधेच एक पायरी दिसते आणि लोकांना वाटतं प्राणायामाचा गुण आला.

## पायरी ९: डॉक्टरांकडे काय न्यायचं

घड्याळाचा रंगीत ग्राफ नाही. जायच्या आधीचे सात दिवस कफने मोजा, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन, दोन रीडिंगमध्ये एक मिनिट, सगळं वहीत, तारीख-वेळेसकट. पहिला दिवस वगळून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी कफने सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर येत असेल तर ते वाढलेलं धरतात, दवाखान्यातल्या १४०/९० ची घरातली मर्यादा जरा खाली असते. खूप जणांना हे माहीत नसतं आणि ते घरी १३८ आलं तरी खुशीत असतात.

घड्याळाचं दाखवायचंच असेल तर आकडा नका दाखवू, वेळ दाखवा, म्हणजे "रोज दुपारी चारच्या सुमाराला चढलेलं दिसतं, मग मी त्या वेळी कफने बघितलं तर हे आलं". आमचे काका आता असंच करतात. त्यांचं चढायचं ते रात्री नऊला, बातम्यांच्या वेळी, कफनेही तसंच आलं, डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि काकूंनी टीव्हीचा रिमोट स्वतःकडे घेतला.